खिशात मावणारी प्रवास-पुस्तिका काढताना या चुका टाळा

बजेट प्रवाशासाठी कोल्हापूरची पुस्तिका म्हणून जी हस्तलिखितं तयार होतात, ती बहुतेक वेळा सव्वाशे पानांची असतात. त्यांत करवीरमाहात्म्य असतं, संस्थानाचा इतिहास असतो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं कौतुक असतं. मध्यवर्ती बस स्थानकावरून अंबाबाईच्या देवळाला चालत किती वेळ लागतो, एवढंच नसतं. पाठीवर सॅक घेऊन पहाटे स्टँडवर उतरलेल्या माणसाला पहिली गरज नेमकी तीच असते.

पानं शेवटी मोजणं

आधी लिहायचं आणि मग किती पानं होतात ते बघायचं, या सवयीने पुस्तिका महाग होते. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असतात, आणि छपाईचा हिशेब सोळाच्या पटीत बसला तर कागद वाया जात नाही. ए-६ आकार (१०५ × १४८ मिमी) घेतला तर १३ × १९ इंची डिजिटल शीटवर दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात. म्हणजे ३२ पानांना दोन शीट. मजकूर ३३ व्या पानावर दोन ओळी गेला तरी पुस्तिका ३६ पानांची होते आणि प्रत्येक प्रतीमागे जास्तीच्या शीटचा तुकडा लागतो.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी डमी करा. चार ए-४ कागद मधून कापून आठ ए-५ तुकडे करा, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, ३२ पानांची कोरी पुस्तिका तयार. प्रत्येक पानावर पेन्सिलीने विषय लिहा: स्टँड आणि रेल्वे स्टेशन, देऊळ आणि भवानी मंडप, रंकाळा, पन्हाळ्याला दोन पानं, ज्योतिबा, खिद्रापूर, खाणं, मुक्काम, पावसाळा. १० पॉइंट अक्षर आणि १४ पॉइंट ओळ-अंतर धरलं तर एका पानावर दीडशेच्या आसपास शब्द बसतात. शीर्षकं, नकाशे वजा केले तर सगळी पुस्तिका चार हजार शब्दांच्या आत संपते. अक्षर लहान करून जास्त मजकूर कोंबू नका. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार असतात. ८ पॉइंटात ते एकमेकांत घुसतात आणि हलत्या एसटीत काही वाचता येत नाही.

गाळायचं काय? जे तिथे पोचल्यावर समोर दिसणारच आहे ते. खिद्रापूरच्या कोपेश्वराबद्दल तीन गोष्टी पुरतात: स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं छत आहे, खाली ४८ खांब आहेत, आणि शिवमंदिर असून समोर नंदी नाही. एवढं वाचून गेलेला माणूस स्वतःच मान वर करून बघतो. शिलाहारांची वंशावळ त्याला त्या क्षणी नको असते.

स्वतःच्या गाडीने फिरून एसटीच्या प्रवाशासाठी लिहिणं

सगळ्यांत जास्त त्रास देणारी चूक ही. लेखक मोटारसायकलवर किंवा चारचाकीत जातो, मोबाईलवर दिसलेलं अंतर आणि वेळ उतरवतो, आणि 'कोल्हापूरहून दीड-दोन तासांत खिद्रापूर' असं छापून मोकळा होतो. एसटीने जाणाऱ्याचा प्रवास वेगळाच असतो. नृसिंहवाडी-कुरुंदवाडपर्यंत गाड्या भरपूर. पुढे खिद्रापूरला फेऱ्या मोजक्या, आणि त्यांतल्या काही शाळा-कॉलेजच्या वेळेवर बेतलेल्या. रविवारी आणि सुट्ट्यांत त्या धावतीलच असं नाही. बजेट प्रवासी फिरायला निघतो तोही नेमका रविवारी.

खरा फटका परतीला बसतो. वेळापत्रकावर गावाकडे जाणारी संध्याकाळची गाडी दिसते, लेखक ती 'शेवटची बस' म्हणून छापतो. पण ती मुक्कामी गाडी असते: रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. पुस्तिकेवर विश्वास ठेवून दुपारी उशिरा पोचलेला माणूस देऊळ बघून बाहेर येतो, तेव्हा परतीची गाडी अर्ध्या तासापूर्वी गेलेली असते आणि पुढची सकाळी असते. गावात लॉज नाही. मग खासगी गाडी ठरवायची, म्हणजे त्या एका संध्याकाळी त्याचं दोन दिवसांचं बजेट संपतं. ज्याने पाच रुपये वाचवायला पुस्तिका घेतली, त्याला पुस्तिकेनेच खड्ड्यात घातलं. अशी चूक एकदा छापली की बाकीची एकतीस पानं कितीही चांगली असोत, तो माणूस दुसऱ्याला पुस्तिका देताना 'याच्यावर जाऊ नको' असंच सांगणार.

उपाय कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. ज्या ठिकाणाबद्दल लिहायचं तिथे एसटीनेच जा. कोल्हापुरातल्या चौकशी खिडकीवर विचारा, पण तिथे थांबू नका. दुसऱ्या टोकाला कंडक्टरला आणि थांब्यावरच्या टपरीवाल्याला परतीचं विचारा. 'शेवटची गाडी कधी?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोल्हापूरकडे परत जाणारी शेवटची गाडी कधी, आणि ती रविवारी असते का?' असा पूर्ण विचारा. पुस्तिकेत शेवटची गाडी छापूच नका. शेवटून दुसरी छापा आणि तिच्यापुढे 'ही गाठा' असं लिहा. शेवटची चुकली तर रात्र जाते, शेवटून दुसरी चुकली तर तासभर जातो.

कोणता फाटा कुठे, हेही त्याच प्रवासात समजतं. रत्नागिरी रस्त्याने जाताना ज्योतिब्याला केर्लीवरून वळायचं, पन्हाळ्याला वाघबिळावरून. हे एका ओळीत लिहिलं की चुकीच्या गाडीत बसलेल्यालाही कुठे उतरायचं ते समजतं. ज्योतिबा आणि पन्हाळा एका दिवसात होतात, पण पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी आणि राजदिंडी पायी करायचं म्हटलं तर तीन तास तरी धरा. 'अर्ध्या दिवसात दोन्ही' लिहिणारा माणूस पायी फिरलेला नसतो.

नाशवंत माहिती बांधीव पानांत छापणं

तिकिटं, लॉजचे दर, ताटाची किंमत, संग्रहालयाच्या वेळा हा भाजीपाला आहे. तो पुस्तिकेच्या पोटात भरला की सगळं लवकर नासतं.

डिसेंबर २०२४ मध्ये, ज्योतिबाच्या चैत्र यात्रेच्या गर्दीत विकायच्या म्हणून, कुणी हजार प्रती छापून घेतल्या आणि प्रत्येक ठिकाणापुढे एसटीचं तिकीट दिलं असं धरा. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. यात्रा एप्रिलात. एकही प्रत विकण्याआधी पुस्तिकेतला प्रत्येक आकडा चुकला. मग सुरू होतो स्टिकरचा उद्योग: वीस पानांवर वीस स्टिकर, हजार प्रती, म्हणजे वीस हजार चिकटपट्ट्या. मजुरी छपाईच्या खर्चाला टेकते, पुस्तिका फुगते, आणि पहिल्याच पावसात स्टिकर सुटून खालचा जुना दर पुन्हा दिसायला लागतो.

दर छापायची घाई करण्यापेक्षा नियम छापा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, म्हणून अंतर द्या. चालू दराने वाचक हिशेब करेल. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. तेव्हा एकच एक तिकीट छापणं तसंही अर्धवट. 'आवडेल तेथे प्रवास' पास चार आणि सात दिवसांचा मिळतो हे लिहा, त्याची किंमत लिहू नका.

आकडे द्यायचेच तर सुट्या चिठ्ठीवर द्या. एका ए-४ कागदावर चार चिठ्ठ्या बसतात, झेरॉक्सवर निघतात, मुखपृष्ठाच्या आत सरकवता येतात. वर ठळक अक्षरांत महिना आणि वर्ष. दर बदलले की फक्त चिठ्ठी बदलायची. पुस्तिकेच्या पानांत खर्चाच्या तीन पायऱ्या ठेवा, चिन्हांनी, आणि त्या पायऱ्यांचा अर्थ चिठ्ठीवर.

रस्तेही नाशवंत असतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला, आणि गगनबावड्यावरून तळकोकणात उतरणाऱ्यांना दीर्घकाळ भुईबावडा किंवा फोंडा घाट धरावा लागला. म्हणून घाटाचा एकच मार्ग छापू नका, शेजारचा घाटही द्या.

उलट जे टिकतं ते निर्धास्तपणे बांधीव पानांत घ्या. अंबाबाईचा किरणोत्सव (मावळत्या सूर्याची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा) ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसाच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला. ढग आले तर किरणं पोचत नाहीत हे सोबत लिहा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्याने निघण्याआधी हा आकडा बघावा, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता. नृसिंहवाडीत पावसाळ्यात देवळात पाणी शिरतं, दक्षिणद्वार सोहळ्याला (पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं तेव्हा) लोक मुद्दाम येतात, पण फक्त दर्शनाला निघालेल्याला हे आधी माहीत असायला हवं. हे दोन-तीन परिच्छेद दहा फोटोंपेक्षा जास्त कामाचे आहेत.

डीटीपीत मराठी मोडणं

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा कचरा होतो, आणि त्याच पीडीएफमध्ये 'पन्हाळा' शोधलं तर सापडत नाही. सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. प्रेसला फाइल देताना फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या. तयार झाल्यावर 'ज्योतिबा', 'नृसिंहवाडी', 'दक्षिणद्वार', 'महाद्वार', 'दर्शन' हे पाच शब्द छापील प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीवर, बघा. स्क्रीनवर नको, कागदावर. ते नीट आले तर बाकीचं बहुधा नीट असतं.

प्रूफ न काढता थेट छापायला सांगणारे 'वेळ नाही' म्हणतात. एका शीटच्या प्रूफला पंधरा मिनिटं लागतात. घाई असेल तर तारीख पुढे ढकला.

बांधणी आणि कागद

३२ पानांना गम बाइंडिंग करू नका. कणा दीड मिलिमीटरचा, त्याला गोंद धरत नाही, सॅकमध्ये दोन दिवसांत पानं सुटतात. मध्यात दोन पिना मारा. पुस्तिका सपाट उघडते आणि एका हातात धरता येते. आत ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो हा साधा कागद, मुखपृष्ठाला २१० जीएसएम आर्ट कार्ड. एवढ्यात प्रत साधारण २४ ग्रॅमची होते. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत, नाहीतर घडीवर कार्ड तडकतं आणि पानं उभी राहतात. हे प्रेसवाल्याला आधीच सांगा. घडी घातल्यावर आतली पानं थोडी बाहेर सरकतात आणि कापताना जास्त कापली जातात, म्हणून पृष्ठांक कडेपासून किमान ६ मिमी आत. कडेपर्यंत रंग असेल तर ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग.

आत रंगीत फोटो नकोत. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये रंकाळ्याचे शंभर फोटो आहेत. ती जागा नकाशाला द्या.

आणखी काही, थोडक्यात

मोबाईलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट छापू नका. अस्पष्ट येतो आणि हक्काचा प्रश्न वेगळाच. ओपनस्ट्रीटमॅपवरून रेखाटा आणि त्यांचा श्रेयनामोल्लेख छापा. नकाशावर इथले लोक सांगतात त्या खुणा हव्यात: व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, गंगावेस. मुखपृष्ठावर भारताची बाह्यरेषा वापरली तर ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच.

क्यूआर कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी मोकळी जागा ठेवा, काळ्यावर पांढरा असा उलटा करू नका. फुकटच्या 'डायनॅमिक' (दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून पुढे नेणाऱ्या) कोडची मुदत संपली की छापलेल्या सगळ्या प्रतींतला कोड एकदम मरतो. स्वतःच्या पत्त्याकडे नेणारा साधा कोड घ्या.

'स्वस्त लॉज' एवढं पुरत नाही. एकट्या माणसाला खोली देतात का, चेक-आउट चोवीस तासांचं की सकाळी ठरावीक वेळेचं, नवरात्रात दर बदलतो का, हे तीन प्रश्न विचारूनच नाव घ्या.

मिसळीच्या ठिकाणापुढे ती किती वाजता संपते ते लिहा. 'जगप्रसिद्ध' हा शब्द काढून टाकला की तेवढी जागा मिळते.

किंमत ठरवताना दुकानदाराचं कमिशन विसरू नका. तो तीस-चाळीस टक्के घेतो. ५० रुपयांच्या पुस्तिकेवर ३५ टक्के गेले की हातात ३२ रुपये ५० पैसे राहतात, त्यांतून छपाई, चिठ्ठ्या, रिक्षाभाडं आणि खराब झालेल्या प्रती. छपाईखर्चाच्या तिप्पट किंमत ठेवली तरच पुढची आवृत्ती निघते. आणि पहिल्या वेळी ऑफसेटवर (प्लेट काढून होणाऱ्या मोठ्या छपाईवर) दोन हजार छापू नका, प्रत कितीही स्वस्त पडत असली तरी. डिजिटलवर दोनशे काढा, स्टँडजवळच्या दोन-तीन स्टॉलवर ठेवा, चुका पेन्सिलीने एका प्रतीत नोंदवत राहा, आणि ती प्रत भरली की मगच ऑफसेटच्या प्लेट काढायला सांगा.