मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ : असिस्टची घाई आणि बाकीच्या चुका

जळगाव-धुळ्याकडे फायटिंग गेम म्हटला की "दाब भो, दाब!" हाच क्लास. २००० सालच्या या गेममध्ये नुसतं दाबून भागत नाही. मार्व्हलची २८ आणि कॅपकॉमची २८ अशी ५६ पात्रं, त्यातून तीन निवडायची. एक मैदानात, दोन बाहेर. २०२४ मध्ये कॅपकॉमने सात जुन्या गेमच्या संग्रहात तो परत आणला आणि नवख्यांच्या चुकाही परत आल्या.

सगळ्यात महागात पडते ती असिस्टची चूक. असिस्टचं बटण टिचकीसारखं दाबलं की बाहेरचा साथीदार येतो, एक वार करतो आणि निघून जातो. फुकटात मिळतं म्हणून पोरं ते दाराच्या बेलसारखं वाजवत बसतात. पण वार झाल्यावर साथीदार लगेच पळत नाही. क्षणभर तिथेच पोझ देतो, मग उडी मारून जातो. तेवढ्या वेळात त्याला गार्ड करता, म्हणजे वार अडवता येत नाही.

आता समोर केबल नावाचं पात्र आहे असं धरा. तुमचा रियू पुढे आहे आणि त्याच्या अगदी मागे तुम्ही सायक्लॉप्सला बोलावलंत. केबलने हायपर वायपर बीम सोडला की तो दोघांनाही लागतो. एका हल्ल्यात दोघांच्या जिवाच्या पट्ट्या उतरल्या! जुने खेळाडू याला 'हॅपी बर्थडे' म्हणतात, केक अर्थातच समोरचा खातो.

उपाय साधा आहे. समोरचा हवेत अडकलेला असेल, गार्डमध्ये दबलेला असेल किंवा त्याचा वार हुकलेला असेल, तेव्हाच असिस्ट बोलवा. साथीदाराची पट्टी पाव उरली की त्याला बोलावणं बंद. बाहेर बसला की पट्टीचा लाल भाग हळूहळू भरून येतो, तेवढा दम धरायला काय जातं? आणि निवड करताना तीन असिस्ट प्रकारांवरून घाईघाईने पुढे जाऊ नका. कॅप्टन कमांडो घेतला तर अँटी-एअर प्रकार घ्या. उडी मारून येणाऱ्याला त्याचा विजेचा खांब आडवा येतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच ताकदीचा पंच आणि किक एकत्र दाबून पात्र बदलणं. आत येणारा वार करत येतो, पण तो वार गार्डवर गेला की उघडा पडतो आणि मग त्याचं वांग्याचं भरीत होतं. त्यापेक्षा हायपर (साठवलेल्या शक्तीची पट्टी, म्हणजे मीटर, खर्चून मारायचा मोठा वार) मारा. रियूचा शिंकू हादोकेन चालू असतानाच पुढच्या क्रमांकावरच्या सायक्लॉप्सचा हायपर द्या. दोघांचीही चाल तीच आहे: खाली, खाली-पुढे, पुढे आणि दोन्ही पंच. मीटरचे दोन टप्पे जातात, पण सायक्लॉप्स वार करतच आत येतो.

गार्ड म्हणजे मागे धरणं. खालच्या वाराला खाली-मागे, उडी मारून येणाऱ्याला उभं राहून. हवेतही गार्ड होतो, तरी उडी मारली की निम्मे लोक मागची दिशा सोडून देतात. गार्ड करताना दोन्ही पंच दाबले की समोरचा लांब ढकलला जातो. कोपऱ्यात अडकल्यावर हीच सुटका.

संग्रहात एका बटणावर स्पेशल चाल मारायची सोय आहे. दोन दिवस वापरा, नंतर बंद करा. हात तयार व्हायच्या आत सवय लागली की रोज तोच एक गोळा सुटतो.

ऑनलाइन खेळताना मोबाइल हॉटस्पॉट नको, राउटरला वायर लावा.

शेवटचं कीबोर्डबद्दल. स्वस्त कीबोर्डवर एकाच वेळी तीन-चार कळा दाबल्या तर एखादी नोंदलीच जात नाही आणि पोरं गेमला शिव्या देतात. ट्रेनिंग मोडमध्ये जा, खाली-पुढे धरून दोन्ही पंच दहा वेळा दाबा. एकदाही हुकलं तर पंच दुसऱ्या कळांवर ठेवून पाहा. तरी हुकलं तर कंट्रोलर घ्या.