नागपूरच्या कळमना बाजारात बसून शिकागोचा गहू वाचताना
बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडचे गव्हाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवले, म्हणून दिशा कळायला शिकागोच्या वायदे बाजाराचा भाव पाहावा लागतो. तो बुशेलमागे (सुमारे २७.२ किलोमागे) अमेरिकी सेंटमध्ये असतो. एक सौदा ५,००० बुशेलचा, म्हणजे सुमारे १३६ टन. क्विंटलचा भाव काढायला सेंटला १०० ने भागा, ३.६७४ ने (एका क्विंटलमध्ये इतके बुशेल) गुणा, मग डॉलरच्या दराने गुणा. ६०० सेंट म्हणजे क्विंटलला सुमारे २२ डॉलर.

चूक इथेच होते. हा आकडा थेट कळमन्याच्या भावाशी लावू नका. शिकागोचा तो मऊ लाल गहू, बिस्किटाच्या कामाचा, आपला पोळीचा. जहाजभाडं आणि आयातशुल्क वेगळंच. सौदा कोणत्या महिन्याचा तेही बघा, मार्च आणि जुलैचे भाव निराळे असतात.

सौद्यात मात्र पडू नका: परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी (सौद्यापोटी ठेवायच्या रकमेसाठी) पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.