सागवानी मोटार: फोर्ड मॉडेल टीची लाकडी प्रतिकृती हाताने कशी घडवावी

जुन्या मोटारीची प्रतिकृती पहिल्यांदाच करणाऱ्याने फोर्ड मॉडेल टी निवडावी, असे मी आग्रहाने सुचवीन. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास तयार झालेल्या या गाडीची मापे सहज मिळतात, तिचे आकार बहुतांशी सरळ आहेत आणि मूळ गाडीतच लाकडाचा भरपूर वापर असल्याने लाकडी प्रतिकृती तिला शोभून दिसते. १९१२ च्या सुमाराची उघडी, पितळी रेडिएटरची गाडी समोर ठेवावी.

प्रमाण १:१६ घ्यावे. मूळ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर १०० इंच, म्हणजे २५४० मिमी होते. ते प्रतिकृतीत १५९ मिमी येते. डाव्या-उजव्या चाकांमधले ५६ इंचांचे अंतर ८९ मिमी होते आणि ३० इंचांचे चाक ४८ मिमी व्यासाचे होते. गाडीची एकूण लांबी सुमारे २१ सेंमी भरते. बाजूने, वरून आणि समोरून असे तीन आराखडे प्रतिकृतीच्याच मापात कागदावर काढावेत आणि पुढचे प्रत्येक माप पट्टीने नव्हे, तर या कागदावर तुकडा ठेवूनच पडताळावे. पट्टी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते आणि एवढ्या लहान कामात ती लगेच डोळ्यांत भरते.

लाकडासाठी ठाण्यात फार वणवण करावी लागत नाही. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत इमारती पाडल्या जातात तेव्हा दारांच्या सागवानी चौकटी निघतात. असे अनेक वर्षे मुरलेले लाकूड सहसा वाकत नाही की पिळत नाही, म्हणून एखादा तुकडा मिळाला तर तो जरूर घ्यावा. सांगाड्यासाठी साग, कोरीव भागांसाठी हलका शिवण, बाजूंसाठी ३ मिमी प्लायवूड, चाकांसाठी ६ मिमी प्लायवूड आणि मडगार्डसाठी व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या अगदी पातळ पत्र्याचे, कापे एवढे पुरते. कापे फर्निचरच्या कारखान्यात मागितले तर बहुधा मिळतात. बारीक पात्याची फ्रेट करवत, ६ मिमीची पटाशी, चपट्या व गोल कानशी, गुण्या, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि पॉलिश पेपर ही हत्यारे लागतात.

आधी चाके

बहुतेक जण बॉनेट आणि आसनांपासून सुरुवात करतात, कारण तिथे गाडी लवकर दिसू लागते. माझ्या मते सुरुवात चाकांपासूनच करावी. चाक गोल आणि हलके झाले नाही, तर वरचे सगळे काम वाया जाते. चाके मनासारखी झाली, तर पुढे धीर टिकतो.

मॉडेल टीच्या चाकाला लाकडाचे बारा आरे असत. ६ मिमी प्लायवूडवर २२ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि कंपासचे माप न बदलता त्याच वर्तुळावर खुणा करत जावे. बरोबर सहा खुणा येतात आणि प्रत्येकीचा मध्य काढला की बारा होतात. तबकडी बाहेरून कापून, कानशीने घासून गोल करावी आणि प्रत्येक खुणेवर कडेतून केंद्राकडे २.५ मिमीचे छिद्र सुमारे ६ मिमी खोल पाडावे. हे छिद्र पाडेपर्यंत आतला भाग कापू नये, कारण अरुंद कडे शिकंजात धरताच चिरते. छिद्रे झाली की मग आत १७ मिमी त्रिज्येचे वर्तुळ कापून काढावे.

आऱ्यांसाठी बांबूच्या कबाबच्या काड्या घ्याव्यात. लाकडाचा इतका बारीक आरा रेषेवरून, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने, तुटतो, बांबू तुटत नाही. प्रत्येक काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून ३० अंशांची पाचर करावी, म्हणजे बारा पाचरी केंद्रात एकमेकींना भिडून पूर्ण वर्तुळ भरते. मूळ गाडीच्या चाकातही आरे असेच एकमेकांत दाबून बसवलेले असत. काड्या बाहेरून छिद्रांत सरकवून, मध्ये भिडवून, फेविकॉल लावून आराखड्यावर सपाट ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी १२ मिमी व्यासाच्या सागाच्या चकत्या चिकटवाव्यात. हाच चाकाचा तुंबा. बाहेर आलेली टोके कापून समतल करावीत आणि मगच केंद्रातून ३ मिमीचे छिद्र पाडावे. टायरसाठी २ मिमी जाडीच्या फिक्या चामड्याची पट्टी गुंडाळावी. काळी पट्टी लावण्याचा मोह टाळावा, कारण त्या काळचे टायर पांढुरके असत.

सांगाडा आणि वरचे अंग

सागाच्या १६० मिमी लांबीच्या दोन पट्ट्या ३६ मिमी अंतरावर समांतर ठेवून तीन आडव्या पट्ट्यांनी जोडाव्यात. चिकटवण्यापूर्वी कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले, तर चौकट काटकोनात आहे. या गाडीला पुढे एक व मागे एक अशा दोनच आडव्या कमानी पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. बांबूच्या पातळ चिपा कमी होत जाणाऱ्या लांबीत एकावर एक चिकटवून त्या छान साधतात. आसांसाठी ३ मिमी पितळी सळई वापरावी.

बॉनेट शिवणच्या एका ठोकळ्यातून, रेषा गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून कोरावे. रेडिएटरची चौकट पितळी पत्र्याची करावी. बाजू आणि आसने प्लायवूडची करून वर रेक्झिन लावावे.

मडगार्ड मात्र वेळ घेतात. व्हिनियरची पट्टी उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावी, लाकडी साच्यावर कापडी पट्टीने घट्ट बांधावी आणि पूर्ण वाळू द्यावी. अशा दोन पट्ट्या साच्यावरच एकमेकींना चिकटवल्या की वळण कायम राहते. घाई केली, तर ती पुन्हा सरळ होते.

शेवटचा हात

१२०, २२० आणि ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, नेहमी रेषेच्या दिशेने घासावे. रंगाने साग झाकू नये, असे मला वाटते; फ्रेंच पॉलिशचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, पातळ हात पुरेसे आहेत. मात्र ते पावसाळ्यात लावू नये. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभागावर पाणी धरते आणि पॉलिश पांढरे पडते. जूनमध्ये काम तयार झालेच, तर ते पॉलिशविना डब्यात बंद ठेवावे आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, सकाळी ऊन चढल्यावर पहिला हात द्यावा.