गाडी 30 मिमी खाली केल्यावर पुढचे टायर आतून झिजणे: माझा अनुभव (बडोदा)

हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). लोअरिंग स्प्रिंग घातल्यावर पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजू लागले, गाडी उजवीकडे ओढू लागली. टायर अदलाबदल, बॅलन्सिंग, तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आकडा टिकेना. फार वैताग आला.

आकडा न टिकण्याचं खरं कारण बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीत होतं. लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट चाकं लोंबकळत असतानाच आवळलेले. रबर पीळ खाऊन राहतं, गाडी नीट बसत नाही.

लागू पडलेला क्रम असा. टायरची हवा बरोबर करून गाडी पिटवर चारही चाकांवर उभी केली. बुशचे बोल्ट सैल केले, बंपर दाबून चार-पाच हेलकावे दिले, आणि तिथेच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले. दोन दिवस चालवली. बडोद्यातले गतिरोधक स्प्रिंग बसवायला पुरेसे आहेत.

मग कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेशी कल; उणे म्हणजे वरचा भाग आत झुकलेला. डावा उणे 1°50′, उजवा उणे 1°10′. डाव्या बाजूला स्ट्रट आणि नकल (चाक बसतं तो भाग) जोडणाऱ्या वरच्या बोल्टऐवजी कॅम्बर बोल्ट (कल बदलता येणारा बोल्ट) घालून दोन्ही उणे 1°10′ केले. टो (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) शेवटीच, कारण कॅम्बर हलला की टो हलतो. स्टिअरिंग सरळ लॉक करून दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारे दांडे) सारखे फिरवले: एकूण 4 मिमी टो-आउट (टोकं बाहेर) होता, तो 1 मिमी टो-इनवर (टोकं आत) आणला. टायर आतून खाणारा मुख्यतः हा टो-आउटच. मागचा बीम जुळवता येत नाही, त्याचा आकडा फक्त तपासायचा.