शिकागोतला पहिला उन्हाळा आणि बेसबॉल: नव्याने आलेल्यांसाठी

शिकागोला नवीन आलेल्या ओळखीच्या मंडळींचा मे महिना लागला की हमखास फोन येतो, आता थंडी संपली, काय काय बघू सांग. मी सगळ्यांना एकच सांगते, यादी नंतर करा, आधी एक बेसबॉलची मॅच बघा, मग त्याच ग्राउंडवर दुसरी बघा, मग तिसरी. कारण प्रेक्षणीय स्थळं एकदा बघून होतात, फोटो निघतात, विषय संपतो. शहर आपलं वाटायला लागतं ते त्याच स्टेशनचे तेच जिने चढून, त्याच कोपऱ्यावर तोच शेंगदाणेवाला परत दिसून. आणि बेसबॉलचा सीझन अगदी त्याच्यासाठीच बनलाय असं मला खरंच वाटतं, एका टीमच्या १६२ मॅचेस, त्यातल्या ८१ घरच्या ग्राउंडवर, मार्चअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज. एक चुकली तर उद्या आहेच.

आधी पत्त्याचं गणित समजून घ्या, मॅचलाच नाही, रोजच उपयोगी पडेल. शिकागोत सगळे आकडे डाउनटाउनमधल्या स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकातून मोजतात, तो शून्य. तिथून उत्तरेला साधारण ८०० आकडे म्हणजे एक मैल. कब्स टीमचं ग्राउंड रिग्ली फील्ड अ‍ॅडिसन रस्त्यावर आहे, अ‍ॅडिसन म्हणजे ३६०० नॉर्थ, म्हणजे चौकापासून साडेचार मैल. हे एकदा डोक्यात बसलं की फोन न काढता कळतं आपण कुठे आहोत, आणि नव्या शहरात ही फार मोठी गोष्ट आहे, निदान मला तरी पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते तेव्हाच.

आता टीम. इथे दोन आहेत आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच रेड लाइन ट्रेनवर. उत्तरेला अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलात की कब्स, दक्षिणेला सॉक्स-थर्टीफिफ्थला उतरलात की व्हाइट सॉक्स. ऑफिसात, लिफ्टमध्ये, डेंटिस्टच्या खुर्चीत सुद्धा कोणीतरी विचारणारच, कब्स की सॉक्स? "दोन्ही आवडतात" हे उत्तर इथे कोणाला पटत नाही. कब्स २०१६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची विजेतेपदाची लढत, जिंकले ते १०८ वर्षांनी, सॉक्स २००५ ला जिंकले ते ८८ वर्षांनी, म्हणजे दोन्हीकडे आजोबांपासून वाट बघत बसलेली घरं आहेत, त्यामुळे प्रश्न हसत विचारला तरी आत जीव अडकलेला असतो. घराजवळची टीम निवडा आणि तिलाच धरून रहा. आम्ही उत्तरेला राहतो म्हणून कब्स, आणि पुढचं बरंचसं रिग्लीबद्दलच आहे.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. एप्रिल-मे मधली मंगळवार-बुधवारची मॅच सगळ्यात स्वस्त पडते, आणि कब्सचे जुने प्रतिस्पर्धी, सेंट लुईस कार्डिनल्स किंवा सॉक्स, समोर असतील तर भाव चढलेले असतात, पहिल्या मॅचला त्या वाट्याला जाऊ नका. सुट्टी टाकणं शक्य असेल तर दुपारी १:२० ची मॅच घ्या. रिग्ली १९१४ चं ग्राउंड आहे आणि तिथे दिवे लागले थेट १९८८ ला, तोपर्यंत घरची प्रत्येक मॅच उन्हातच व्हायची, आजही रात्रीच्या मॅचेस किती घ्यायच्या यावर शहराची मर्यादा आहे, त्यामुळे दुपारी मॅच बघणं ही इथली खरी रीत. तिकीट फोनवरच येतं, लीगच्या बॉलपार्क नावाच्या अ‍ॅपमध्ये, ते आदल्या रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा कारण गेटवर हजारो लोकांच्या गर्दीत नेटवर्क रडतं आणि मागची रांग आपल्याकडे बघत असते.

गाडी नेऊ नका. खरंच नेऊ नका. रात्रीच्या मॅचला आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये रहिवाशांचं परमिट असलं तरच पार्किंग, नाहीतर गाडी उचलून नेतात आणि सगळी संध्याकाळ ती सोडवण्यात जाते. ट्रेनने जा, अ‍ॅडिसनला उतरलं की ग्राउंड समोरच. परत येताना मात्र त्या स्टेशनवर मुंगीला शिरायला जागा नसते, तेव्हा वरचं गणित वापरा, बेलमाँट म्हणजे ३२०० नॉर्थ, म्हणजे फक्त अर्धा मैल दक्षिणेला, दहा मिनिटं चालत जा, तिथे रेड बरोबर ब्राउन लाइन पण थांबते.

बसायचं कुठे हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि नवीन माणूस इथेच फसतो. दुपारच्या मॅचला तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे बॅटरच्या मागून बघितलं तर डावीकडे, सावली आधी येते, लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर डोळे झाकून तीच बाजू, आणि वरच्या मजल्याच्या छताखालची रांग. पण ग्राउंड जुनं आहे, छत लोखंडी खांबांवर उभं आहे, त्यामुळे खालच्या मजल्यावर मागच्या रांगांमध्ये काही सीटसमोर चक्क खांब येतो, तिकीट घेताना "ऑब्स्ट्रक्टेड" असं लिहिलंय का ते बघा, स्वस्त का आहे ते लगेच कळेल. आउटफील्डमागची बाकं म्हणजे ब्लीचर्स, तिथे बहुतेक ठिकाणी सीट नंबर नसतो, जो आधी येईल तो बसेल, पूर्ण ऊन, पूर्ण दंगा. मित्रांबरोबर जायचं तर ब्लीचर्ससारखी मजा नाही, पण सासूबाईंना घेऊन तिथे जाऊ नका.

कपड्यांचं मनावर घ्या. माझी पहिली मॅच मे महिन्यातली, घरातून निघताना छान ऊन होतं म्हणून सुती कुर्ता घालून गेले, तिसऱ्या इनिंगला लेक मिशिगन या मोठ्या तळ्याकडून वारं सुटलं आणि पाचव्या इनिंगला दात वाजायला लागले म्हणून उठून आले. तळं जवळ आहे, वारं तिकडून फिरलं की अर्ध्या तासात हवा पार बदलते, जूनमध्ये सुद्धा एक जॅकेट बॅगेत हवंच. आणि हे वारं मॅच पण बदलतं! आत शिरल्या शिरल्या स्कोअरबोर्डावरचे झेंडे बघा, वारं ग्राउंडबाहेर जात असेल तर आज होम रन (आपल्या सिक्सरसारखे) पडणार, तळ्याकडून आत येत असेल तर चांगला मारलेला बॉल सुद्धा हवेत अडकून फील्डरच्या हातात येतो. शेजारच्याला नुसतं म्हणा, आज वारं आत येतंय, बघा कसा बोलायला लागतो.

बॅगेचे आणि बाहेरच्या खाण्याचे नियम निघण्याआधी टीमच्या साइटवर वाचून घ्या, ते बदलत असतात. आत खायचं तर एक गोष्ट आधीच सांगते, शिकागोचा प्रसिद्ध हॉट डॉग, पिवळी मस्टर्ड, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, छोट्या हिरव्या मिरच्या, खसखशीचा पाव, केचप अजिबात नाही, हा बीफचा असतो. चालत नसेल तर स्पष्ट विचारून घ्या. बाकी सालासकट भाजलेले शेंगदाणे आहेतच, टरफलं पायाशीच टाकायची, सुरुवातीला माझा हात धजत नव्हता पण सगळेच टाकतात, नंतर झाडून घेतात.

आता खेळ. आपण क्रिकेटवाले, त्यामुळे अर्धं कळतं आणि अर्धं उलटं कळतं. नऊ इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात, तीन आउट झाले की बाजू बदलली. मारायला जाऊन हुकला किंवा आवाक्यातला सोडला की स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर आउट; आवाक्याबाहेर टाकलेला आणि बॅटरने सोडलेला तो इथल्या भाषेत बॉल, असे चार झाले की फुकट पहिला बेस. बॉल टप्पा खात नाही. आणि सगळ्यात मोठा फरक, फक्त समोरच्या काटकोनातच मारायचं, मागे किंवा बाजूला गेला तो फाउल, म्हणजे आपला लाडका लेट कट इथे फुकट! फाउल बॉल प्रेक्षकांत आला तर मात्र परत द्यायचा नाही, तो तुमचा, शेजारी लहान मूल असेल तर त्याला देऊन टाकायची पद्धत आहे. २०२३ पासून पिचरला, म्हणजे आपल्या बोलरला, घड्याळ लावलंय, ठराविक सेकंदांत बॉल टाकावाच लागतो, त्यामुळे मॅच साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटपते. रिग्लीचा खास नियम म्हणजे आउटफील्डच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली वेल आहे, बॉल पानांत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. मे महिन्याच्या सुरुवातीला वेल काड्यांसारखी दिसते, जूनपर्यंत भिंत हिरवीगार. हे बदलताना बघायचं म्हणून सुद्धा सीझनभरात तीन-चारदा जायला हवं.

पण खेळ खरा कळतो तो स्कोअरकार्ड लिहिल्यावर. माझ्या चौथ्या मॅचला शेजारी एक सत्तरीपुढचे आजोबा होते, मांडीवर पुठ्ठा, त्यावर चौकटींचा कागद, हातात बोटाएवढी पेन्सिल. प्रत्येक बॅटर झाला की चौकटीत काहीतरी आकडे. ६-३. मग ८. मग इंग्रजी के. मला राहवलं नाही, विचारलं. त्यांनी आधी पेन्सिलीने समोर ग्राउंड दाखवलं आणि एकेक माणूस मोजला. शर्टवरचा नंबर विसरायचा, जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग आउटफील्डमध्ये लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. म्हणजे ६-३ याचा अर्थ शॉर्टस्टॉपने बॉल अडवून पहिल्या बेसला फेकला, बॅटर आउट. ८ म्हणजे सेंटरने कॅच घेतला. के म्हणजे स्ट्राइकआउट, आणि बॅटर नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच के आरशात दिसतो तसा उलटा काढायचा. प्रत्येक चौकटीत एक छोटा डायमंड, म्हणजे बेसांचा तिरका चौकोन, असतो, बॅटर जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत रेघ, तिन्ही बेस फिरून बॅटिंगच्या जागी परत, म्हणजे घरी, आला तर आख्खा डायमंड भरून काळा.

सहाव्या इनिंगला पहिल्या बेसवर रनर होता, बॉल जमिनीवरून जोरात शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, डोळ्याची पापणी लवेपर्यंत दोन आउट. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आजोबा बसूनच होते, त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, लिही आता तू. मी लिहिलं, ६-४-३. त्यांनी नुसती मान डोलावली. त्या दिवसापासून मी कार्ड लिहिल्याशिवाय मॅच बघत नाही, तारीख, वारं कुठून होतं, बरोबर कोण होतं सगळं कोपऱ्यात लिहिते, आणि हिवाळ्यात ते कागद काढले की अख्खी दुपार परत दिसते. कार्ड ग्राउंडवर मिळतं, पेन्सिल मात्र घरून न्या, खोडरबरवाली.

थोडे रीतिरिवाज. बॅटर खेळत असताना रांगेतून उठू नका, जिन्यावर थांबायला सांगितलं तर थांबा, तो बॅटर झाला की सोडतात. ब्लीचर्समध्ये समोरच्या टीमचा होम रन बॉल हातात आला तर तो परत ग्राउंडवर फेकायचा, सगळे ओरडून सांगतीलच. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उठून एक गाणं म्हणतात, शब्द येत नसले तरी उभे रहा, दुसऱ्या खेपेला येतील.

ज्या दिवशी तिकिटाचे पैसे घालायचे नाहीत त्या दिवशी संध्याकाळी ग्रँट पार्कला जा. तिथे सोळा इंची सॉफ्टबॉल चालतो, हा शिकागोचा स्वतःचा खेळ, १८८७ ला इथेच एका बोट क्लबमध्ये सुरू झाला, बॉल चांगला मोठा आणि हातात ग्लोव्ह नाही. नुसत्या हातांनी कॅच! आपल्या माणसांना हे बघून भरून येतं, माझा नवरा पहिल्यांदा बघताना दर कॅचला टाळ्या वाजवत होता. कडेला चटई टाकून बसा, कोणी काही म्हणत नाही.

आणि एक, मॅचशी संबंध नसलेलं पण सांगायलाच हवं असं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता शहरभर भोंगे वाजतात. घाबरू नका, ती वादळाच्या इशाऱ्याची चाचणी असते. एरवी वाजले तर मात्र लगेच घरात, खिडक्यांपासून लांब.

ज्यांना मॅचला जमत नाही त्यांच्यासाठी शेवटचं. डाउनटाउनहून रेड लाइनने संध्याकाळी उत्तरेला घरी जात असाल तर डाव्या खिडकीशी बसा, अ‍ॅडिसन यायच्या बेतात मान वर करा. स्कोअरबोर्डाच्या वर झेंडा असतो, पांढऱ्यावर निळा डब्ल्यू असला तर आज जिंकले, निळ्यावर पांढरा एल असला तर हरले. ट्रेनमधल्या लोकांना निकाल कळावा म्हणूनच तो लावायला लागले. माझी मुलगी सात वर्षांची आहे, मी दारात बूट काढत असतानाच आतून विचारते, आई, कुठला होता?