मूल झोपल्यावरचा रियाज: फ्लॅटमध्ये, पेटीसह

आयटीतली नोकरी आणि घरात लहान मूल असेल तर रियाजाला हाती लागतो तो रात्री नऊ-साडेनऊनंतरचा अर्धा-पाऊण तास. त्यातलाही बराच मांडामांडीत जातो. पेटी (हार्मोनियम) कपाटावरून काढा, तंबोऱ्याचं ॲप उघडा, चार्जर कुठे गेला ते बघा, तोवर आतून हाक येते. म्हणून वेळ कसा वाढवायचा हा प्रश्न नंतरचा. बसल्यापासून पहिला सा लागेपर्यंत दोन मिनिटांच्या वर जाऊ नयेत, एवढं आधी जमवा.

त्यासाठी पेटीला कायमची जागा द्या. वन बीएचकेत ती हॉलमध्ये, बेडरूमच्या भिंतीपासून जितकी लांब तितकी बरी. वर नुसती खोळ. तंबोऱ्यासाठी घरातला जुना फोन वापरा: सिम काढलेलं, नोटिफिकेशन बंद, ॲप तुमच्या पट्टीवर (ज्या सुराला सा धरता त्यावर) लावून ठेवलेलं, वायरने एका छोट्या स्पीकरला जोडलेला. रोजचा फोन यासाठी नको, कारण नेमका पलटा (सरावाची ठरावीक सुरावट) बसत असताना त्यावर सर्व्हर पडल्याचा मेसेज येणार. ऑन-कॉलचा आठवडा असेल तर तो फोन दारापाशी ठेवा आणि फक्त अलर्टच्या ॲपला आवाजाची परवानगी द्या.

एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत: ॲप पेटीला मिळवणं. ॲप ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतं, जुनी पेटी असतेच असं नाही. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र किंवा ॲप) लावून काळी १ चा मध्य सप्तकातला सा मध्यम भात्यावर धरा. भाता जोरात मारला तर सूर किंचित उतरतो, म्हणून हात एकसारखा ठेवा. काटा १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर दाखवत असेल तर ॲपही १२ सेंट वर न्या. नाहीतर त्या सा वर सेकंदाला दोनेक हेलकावे ऐकू येतात आणि गळा दोघांच्या मध्ये कुठेतरी जागा शोधत राहतो. दोष गळ्याचा नसतो.

वेळ बांधताना

अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल असतील तर रियाजाची वेळ वर्षातून दोनदा सरकते. न्यूयॉर्कचा सकाळी साडेनऊचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) तिकडच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे संध्याकाळी ७ ला येतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर रात्री ८ ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा मागे. हिवाळ्यात कॉल, जेवण आणि मुलाला झोपवणं एकमेकांवर आदळतं ते यामुळे. ते चार महिने संध्याकाळचा हट्ट सोडून रियाज पहाटे न्यावा, किंवा शनिवार-रविवार दुपारी मुलाच्या झोपेत. रोज थोडं गायचं आणि वेळ ठरलेली नाही, यापेक्षा आठवड्यात चार पक्के दिवस बरे.

पंचवीस मिनिटं मिळाली तर सगळं करायला जाऊ नका. सात-आठ मिनिटं खर्ज (खालच्या सप्तकातले सूर), दहा मिनिटं एकच पलटा, उरलेल्यात बंदिशीचा एक आवर्तनभर तुकडा. लय वाढवायची तर मिनिटाला ६० मात्रांवरून ६४ वर. ६० वरून थेट ८० वर गेलात की चुका झाकल्या जातात, सुटत नाहीत. बंदिशीचे शब्द पाठ करणं, ताल मोजणं ही कामं घरी करूच नयेत, ती लोकलची. बोटांच्या पेरांवर झपताल दोन-तीन-दोन-तीन मोजत ठाण्याहून दादरपर्यंत जाता येतं. रूपक मोजा तेव्हा समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळीऐवजी रिकामा हात) आहे हे लक्षात ठेवा, हात तिथेच चुकतो.

शेजाऱ्यांपर्यंत काय पोचतं

भिंतीवर खड्डे-खड्डे असलेला फोम लावायचा सल्ला सर्रास मिळतो. पैसे वाचवा. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जाणं थांबवत नाही. ते वजनदार भिंत आणि बंद फटी करतात. भिंत आपण बदलू शकत नाही, फटी बुजवू शकतो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या रुळातली केसाळ पट्टी झिजलेली असते, ती नवी घाला. दाराखाली बोटभर फट असेल तर रबराची पट्टी ठोका. खिडकीला जाड पडदा. शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी कपड्यांनी भरलेलं कपाट. एवढ्यावर थांबा.

खाली जाणारा आवाज वेगळा. तो हवेतून नाही, लादीतून जातो. पेटीच्या भात्याची ठकठक, तबल्याची थाप, कीबोर्डच्या जड पट्ट्यांचा धपधप आवाज तुम्हाला हेडफोनमध्ये जाणवतही नाही, पण खालच्या काकूंना छतातून नेमका तोच ऐकू येतो. मुलासाठी आणलेल्या कोड्यासारख्या जुळणाऱ्या फोमच्या लाद्या इथे कामाला येतात: दोन थर, वर चौघडी केलेली गोधडी, वर वाद्य. कीबोर्डचा स्टँड असेल तर प्रत्येक पायाखाली रबराचा तुकडा. पलंगावर पेटी ठेवून वाजवू नका. पोकळ बॉक्सबेड तिचा आवाज वाढवतो.

पेटीचे सगळे सूर उघडायची गरज नाही. एकच स्टॉप (हवा सोडणारी समोरची खुंटी) ओढा, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी सोय) असेल तर बंद ठेवा, आणि वरच्या जाळीवर सुती पंचा अंथरा. तीव्र सुरांची धार लगेच कमी होते. गाताना मात्र कुजबुजू नका. दाबून, श्वास सोडत गायलेला आवाज गळ्याला जास्त थकवतो. त्याऐवजी तोंड मिटून गुंजन करा किंवा खर्जातच राहा.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. फोनवरचं मोजणारं ॲप खरा आकडा देत नाही, पण पंचा टाकण्याआधी आणि नंतर, दाराबाहेर आणि आत, असा फरक बघायला पुरतं. आणि दहाच्या आत बंद करायचं ठरवून ते शेजारी सांगून टाका. अर्धी तक्रार ‘किती वेळ चालणार’ याचीच असते.

ऑनलाइन शिकवणी

झूमवर गुरुजींना तुमचा तंबोरा ऐकू येत नाही आणि लांबवलेला सूर मध्येच विरतो, याचं कारण इंटरनेट असेलच असं नाही. गोंगाट गाळणारी सोय एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंखा समजते. तंबोरा तिच्या लेखी पंखाच. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा आणि त्यातलं प्रतिध्वनी रोखणारं बटण बंद करा. ते बंद केलं की हेडफोन घालावाच लागतो, आणि तोही वायरचा. ब्लूटूथचा उशीर ऐकायला चालतो, गायला नाही. एकत्र गायचा प्रयत्न करू नका. नेटवरचा उशीर कुठलंही सेटिंग काढू शकत नाही. गुरुजी गातात तेव्हा म्यूट, मग तुम्ही. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे सगळं बसवायला जाऊ नका, तिथे ड्रायव्हर टाकायची परवानगी नसते आणि नसावीच.

मूल आणि पेटी

पेटी दिसते म्हणजे मूल वाजवणारच. संध्याकाळी दहा मिनिटं त्याला भाता द्या आणि पट्ट्या तुम्ही दाबा. बोटं भात्याच्या घडीत जात नाहीत एवढं पाहा. इतर वेळी भात्याची कडी लावलेली. खरी धोक्याची वस्तू वेगळीच आहे: चिमट्याच्या ट्यूनरमधला नाण्याएवढा चपटा सेल. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. झाकणाला स्क्रू नसलेला ट्यूनर घरात आणूच नका, आणि शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

पावसाळा

जूनपासून हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो आणि पेटी फुगते. पट्टी दाबल्यावर वर येत नाही, किंवा न दाबताच एखादा सूर चालू राहतो. पहिल्यात पट्ट्या एकमेकींना घासत असतात, दुसऱ्यात पट्टीखालची झडप नीट बसत नसते. बऱ्याचदा कचरा असतो. पॉलिश पेपर मारू नका. हिवाळ्यात लाकूड आकसलं की फट राहते. पेटीच्या खोक्यात २००-३०० ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत ठेवा. रंग बदलणारं घ्या, पण नारिंगी. निळ्यात कोबाल्ट असतं आणि घरात मूल आहे. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास, पुन्हा नारिंगी.

भात्याची परीक्षा सोपी: सगळे स्टॉप बंद करा, भाता भरा, हात सोडा. आतला भाता झपाट्याने बसला तर कुठेतरी चीर आहे. एखादा सूर घोगरा किंवा मुका झाला तर त्या पितळी पातीखाली धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवून बघा, पाती उचलू नका, ती वाकली की सूर गेला. त्यापुढचं काम कारागिराचं. गणपतीच्या तोंडावर दुरुस्तीवाल्यांकडे भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते, तेव्हा मे महिन्यातच दाखवून घ्या.