बदलीवर जाताना

गेल्या नऊ वर्षांत मी सात ऑफिसांत काम केलं, आणि प्रत्येक ठिकाणी मी दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीवर बसले. बहुतेक वेळा ती बाळंतपणासाठी गेलेल्या मुलीची असायची. कायद्याने पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, म्हणजे माझ्यासारखीला साधारण सहा महिन्यांचं काम. एजन्सीचा फोन येतो, 'ताई, भोसरीत अकाउंट्सला बदली माणूस हवंय, सोमवारपासून जमेल?' या कामात नवीन येणाऱ्या मुली मला विचारतात की थोड्या दिवसांत चांगलं नाव कसं कमवायचं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं आधी पोचा. गेटवर तुमचं नाव कुणी कळवलेलं नसतं, पास व्हायला वेळ जातो. आत गेल्यावर 'मी अमक्या मॅडमच्या जागी, मार्चपर्यंत' असं स्वतःहून सांगा. किती दिवसांसाठी आलात हे कळलं की लोक मोकळे होतात. ऑफिसबॉय मामांना पहिल्याच दिवशी नाव विचारा. शिक्का कुठे, लेटरहेड कुणाकडे, झेरॉक्सचा कागद कधी संपतो हे सगळं त्यांना ठाऊक असतं. कपड्यांची फार चिंता नको. इस्त्री केलेला साधा ड्रेस पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिच्या जागी आलात, तिची मांडणी बदलू नका.

माझं पहिलं बदलीचं काम पुण्यात, पेठेतल्या एका छोट्या ऑफिसात होतं. तिथल्या बाईंनी खरेदीची बिलं पार्टीप्रमाणे, म्हणजे माल देणाऱ्या प्रत्येकाची वेगळी, बॉक्स फायलींत लावली होती. मला ते पसरट वाटलं. मी चार दिवस बसून सगळी बिलं महिन्याप्रमाणे लावली, फायलींच्या पाठीवर नवीन चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि साहेबांनी कौतुकही केलं. त्या परत आल्या आणि आठवड्याभरात ऑडिटर आले. त्यांनी एकेका पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, काढलं आणि त्यापुढची बिलं मागितली. त्या बाईंचा मला फोन आला. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, 'ताई, माझ्या फायली कुठे आहेत?' मी तोवर भोसरीत लागले होते. तिथे गुरुवारी सुटी, पेठेतलं ऑफिस मात्र चालू. त्या गुरुवारी जाऊन मी दिवसभर बिलं परत पार्टीप्रमाणे लावली. तेव्हापासून कुठल्याही टेबलावर बसण्याआधी मी ड्रॉवरचा, कपाटाचा आणि कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपचा फोटो काढते. अर्थात आधी साहेबांना विचारून, कारण काही कंपन्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तिथे वहीत आकृती काढा.

दुसरं, त्या टेबलाच्या तारखा पहिल्या दोन दिवसांत पाठ करा. अकाउंट्सच्या टेबलावर महिना तारखांनी चालतो: ७ ला टीडीएस (पेमेंट देताना कापून ठेवलेला आयकर), दरमहा जीएसटीची रिटर्न भरणाऱ्यांकडे ११ ला विक्रीचं रिटर्न, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. मार्चचा टीडीएस तेवढा ३० एप्रिलपर्यंत चालतो. चलन तुम्ही भरणार नसलात तरी त्यासाठीची माहिती तुमच्याच टेबलावरून जाते. ५ तारखेला तुम्ही स्वतः जाऊन 'सर, टीडीएसची यादी तयार आहे' म्हणालात तर साहेबांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

प्रश्न विचारायला लाजू नका, पण सुटे सुटे विचारू नका. मी वहीच्या उजव्या पानावर प्रश्न लिहून ठेवते आणि चहाच्या वेळेनंतर शेजारच्या टेबलावर पाच-सहा एकदम विचारते. उत्तर लगेच डाव्या पानावर लिहायचं. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि ते बरोबरही आहे, त्यालाही स्वतःचं काम असतं.

फोनवर पार्ट्या पेमेंटसाठी मागे लागतात. 'उद्या होईल' असं कधीच म्हणू नका. तो शब्द तुमचा नाही, कंपनीचा ठरतो. बिल नंबर, रक्कम, तारीख लिहून घ्या आणि कधी फोन कराल ते सांगा. सांगितलेल्या वेळेला उत्तर मिळालेलं नसलं तरी फोन करा आणि तसं सांगा. महिन्याभरात तेच लोक तुमचं नाव घेऊन बोलायला लागतात.

एक नाजूक गोष्ट. 'तिच्यापेक्षा तुमचं काम बरं' असं कुणी म्हणालं तर ते बोलणं वाढवू नका. ती मुलगी घरी तान्हं बाळ घेऊन बसलीय आणि तिला याच खुर्चीवर परत यायचंय. मी एवढंच म्हणते, 'त्यांनी सगळं नीट लावून ठेवलंय म्हणून मला जमतंय.' बहुतेक वेळा ते खरंच असतं. चूक झाली की मात्र त्याच दिवशी सांगा. चुकीच्या पार्टीच्या नावाने पडलेलं व्हाउचर तुमच्यामागे तिला सापडलं, तर ते तिच्याच माथी येतं.

शेवटचे पंधरा दिवस रोज थोडं थोडं तिच्यासाठी लिहून ठेवा: कुठल्या पार्टीचं बिल अडलंय आणि का, कुणाला काय सांगितलंय, कुठली फाईल कुणी नेलीय. ही वही पहिल्या ड्रॉवरमध्ये, वरच ठेवा.

स्वतःचंही बघा. पीएफ कापला जात असेल तर एजन्सीला तुमचा जुनाच बारा आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या, दर ठिकाणी नवीन काढू देऊ नका. आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच मागा. एकदा सही करणारे साहेब माझ्या शेवटच्या दिवशी बाहेरगावी होते, त्या एका कागदासाठी नंतर मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.